काम निर्दोष झाल्याशिवाय हातून सुटत नाही. हा ध्यास कसा आवरावा?

आपला प्रश्न वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण भंडारा जिल्ह्यातील ज्या विणकर घरात मी वाढलो तेथे नेमक्या याच विषयावरून माझा आणि थोरल्या काकांचा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे.

आमच्याकडे करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली, म्हणजे करवती किनारीची, कोशाची (टसर रेशमाची) साडी विणली जाते. मधले अंग कोशाचे आणि किनार सुताची असते, आणि किनारीचे दाते अंगात शिरलेले दिसावेत म्हणून एकाऐवजी तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने) चालवून प्रत्येक फेरीला किनारीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवून परत फिरवावा लागतो. ही अडकवण एका धाग्याने चुकली तरी दात्याचे टोक बोथट होते. काकांना ते मागावर बसल्या जागी बोटाने कळत असे आणि कळले की ते उसवायला घेत, मग पुढे कितीही विणून झालेले असो.

मी विणलेली एक साडी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ‘धागा जाड-बारीक आहे, अंगात पट्टे दिसतात’ असे सांगून परत पाठवली आणि मजुरी कापली, तेव्हा काकांनी त्याचीच बाजू घेतली. मला ते आजही मान्य नाही. कोशाची अळी ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढते. मुंग्या-पाखरांपासून ढीवर समाजाची मंडळी तिची राखण करतात, पण ऊन-पाऊस तिला सोसावाच लागतो, आणि म्हणून एक कोष दुसऱ्यासारखा नसतो. कोष शिजवून स्त्रिया मांडीवर धागा वळतात, तेव्हा एक तंतू संपून दुसरा जोडला जातो तेथे धागा किंचित जाड होतो. हा धाग्याचा स्वभाव आहे, विणकराचा दोष नव्हे. कोसा मागायचा आणि त्याला यंत्रमागावरच्या पॉलिएस्टरची मोजपट्टी लावायची, हा सरळ अन्याय आहे.

उसवण्याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. बाणा मागे ओढताना ताणा, म्हणजे उभा धागा, घासला जातो, त्यावर लव उठते, आणि त्या जागी पुन्हा विणलेली पट्टी उजेडात धरली की वेगळी दिसते. काका ती खूणही दोष मानत आणि पुन्हा उसवत. घरच्या लग्नात काकू त्यांनीच विणलेली साडी नेसून उभ्या होत्या, पाहुण्या बायका किनार हातात घेऊन पाहत होत्या, आणि काका मात्र पदराजवळचा एक दाता दाखवून खंत करत होते. इतके सुंदर काम करणाऱ्या माणसाला त्याचा आनंद मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा आपल्या कामात धाग्याचा दोष कोणता आणि हाताचा कोणता, हे आधी वेगळे करावे. हाताचा दोष दोन बोटे विणण्याच्या आत दिसला तर जरूर उसवावा. त्यापुढे गेला असेल तर काम पूर्ण करून ठरल्या दिवशी देऊन टाकावे आणि ती दुरुस्ती पुढच्या कामात करावी. औषधाची मात्रा, विजेची जोडणी, पुलाचे बांधकाम अशा कामांना हे लागू नाही, हे सांगायला हवे. आणि या ध्यासापायी झोप उडाली असेल तर डॉक्टरांना भेटावे.

काकांचे एक म्हणणे मी मानतो. चूक नजरेआड केली की हात सैल पडतो, असे ते म्हणतात, आणि माझे दाते आज टोकदार येतात ते त्यांच्या त्या कडक नजरेमुळेच. पण ती नजर धोटा हातात असताना वापरायची असते. त्या दिवशी व्यापाऱ्यासमोर त्यांनी माझ्या दात्यांकडे बोट दाखवून, कोशाचा धागा असाच असतो, मजुरी पूर्ण द्या, एवढे सांगायला हवे होते.