फायटरला डॅमेज नको, डावपेच द्या

प्रश्न : आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग खेळ) कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेत, जादूगार दर टर्नला मंत्रांची यादी चाळतो आणि फायटर ‘मी मारतो’ म्हणून फासा टाकतो. त्याचं डॅमेज वाढवून पाहिलं, तरी तो कंटाळलेलाच. आता काय द्यावं?

डॅमेज वाढवल्याने लढाई लवकर संपते, कंटाळा तिथेच राहतो. त्याला निवड करायला लावा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतला (२०१४) बॅटल मास्टर (फायटरचा एक प्रकार) घ्या. तिसऱ्या लेव्हलला त्याला चार डी८ (आठ बाजूंचे फासे) मिळतात आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की ते परत येतात. एक फासा खर्चून शत्रूला पाडता येतं, घाबरवता येतं, किंवा त्याचा वार चुकला की उलट वार करता येतो.

यातलं पाडणं मला सर्वांत आवडतं. आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, लांबून बाण सोडणाऱ्याला मात्र लहान आकडा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. त्यामुळे शेजारी उभा असलेला ‘रोग’ (Rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) खूश होतो आणि तिरंदाज ओरडतो, ‘अरे थांब, आधी माझा बाण जाऊ दे!’ नवीन क्षमता लिहिली की मी हेच बघतो : ती वापरताना टेबलावरचं दुसरं कुणी मध्ये बोलतं का?

डावपेचांची यादीच नको असेल तर ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या दुसऱ्या खेळाचा मार्ग आहे. तिथे योद्धा वार करण्याआधीच सांगतो, ‘डोळ्यांत माती फेकतो’ किंवा ‘ढाल हिसकावतो’. हल्ल्यासोबत एक जादा फासा पडतो. त्यावर ३ किंवा जास्त आले आणि वारही लागला, तर सांगितलेलं घडतं. पहिल्या लेव्हलला तो फासा डी३ असतो. मात्र यासाठी डीएम (खेळ चालवणारा) सढळ हाताचा हवा. दर वेळी ‘असं कसं होईल?’ म्हणून वाद घालणारा असेल, तर यादीच बरी.

प्रश्न : ‘हल्ल्याला उणे ५, डॅमेजला अधिक १०’ ही क्षमता फार ताकदवान आहे का?

कागदावर नाही, खेळताना आहे. मोठ्या तलवारीचं सरासरी डॅमेज ७, त्यात ताकदीचे ४, म्हणजे ११. वार लागण्याची शक्यता ६०% असेल तर प्रत्येक वाराला सरासरी ६.६ पडतं. क्षमता वापरली की शक्यता ३५% होते (वीस बाजूंच्या फाशावर ५ म्हणजे २५%) आणि सरासरी ७.३५ (क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडल्यावरचा जादा मार, धरलेला नाही). किरकोळ फरक. आता अ‍ॅडव्हान्टेज द्या : साध्या वाराचे ९.२ होतात, क्षमतेचे १२.१. आणि गट एकत्र खेळू लागला की अ‍ॅडव्हान्टेज मिळवणं काही अवघड नसतं.

माझा आक्षेप मात्र आकड्यांवर नाही. खेळाडू हे गणित एकदा सोडवतो आणि त्यानंतर डोळे झाकून तेच करतो. मग उरते फक्त बेरीज-वजाबाकी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४च्या नियमांत हा सौदा काढून टाकला, ते योग्यच झालं.

प्रश्न : ढालवाल्या योद्ध्याला सोडून शत्रू थेट जादूगाराकडे धावतात. त्यांना बळजबरीने ढालवाल्यावरच हल्ला करायला लावणारी क्षमता द्यावी का?

बळजबरी नको, डीएमचे हात बांधले जातात. शत्रूची अवस्था ‘इकडे आड, तिकडे विहीर’ अशी करा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीतला (२००८) फायटर ज्याच्यावर हल्ला करतो त्याला ‘मार्क’ करू शकतो. त्या शत्रूने फायटरला वगळून दुसऱ्यावर वार केला, तर त्याच्या हल्ल्याला उणे २. वर तो फायटरच्या शेजारी असेल, तर फायटर आधी त्याच्यावर वार करून घेतो. शत्रूला जादूगार गाठता येतो, पण किंमत मोजून. त्या आवृत्तीला कितीही नावं ठेवा, योद्ध्याच्या बाबतीत ती सर्वांत विचारी होती असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : योद्ध्याला ‘दिवसातून एकदाच’ वापरायच्या क्षमता द्याव्यात का?

शक्यतो नको. मंत्र संपले हे पटतं. लाथ मारायची तर सकाळीच मारून झाली, हे कुणालाच पटत नाही. मर्यादा घालायचीच असेल तर ती प्रसंगाला बांधा : शत्रू पडलेला असताना, स्वतः घायाळ असताना, भिंतीला पाठ लागलेली असताना. तेही जमत नसेल, तर शॉर्ट रेस्ट पुरे.