पाण्यावरचे प्रश्न : वेग किती, हे शेवटी विचारा

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही पंचवटीतले दहा-बारा तरुण पुराच्या वेळी मदतीला उतरतो. वर्गणी काढून एक जुनी 16 फुटी फायबरची बोट घ्यायची आहे. दोन बोटी पाहिल्या, दोन्हींना 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. एकीचा तळ जवळजवळ सपाट, दुसरीचा चांगला व्ही आकाराचा. पहिलीचा मालक म्हणतो ताशी 46 किमी, दुसरीचा म्हणतो 42. गंगापूर धरणाच्या पाण्यात चालवून बघायची परवानगी मिळाली आहे. नेमकं काय तपासायचं?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : 46 आणि 42 हे दोन्ही आकडे आधी बाजूला ठेवा. बोटीत किती माणसं होती, हे दोघांनीही सांगितलेलं नाही.

अंबडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं फायबरच्या बोटी ओतल्या. एकदा आम्ही चाचणीला दोघंच बसलो, बोट वाऱ्यासारखी पळाली आणि तोच आकडा गिऱ्हाइकाला सांगितला. त्यानं आठ माणसं बसवली, तेव्हा नाक आभाळाकडे, ढुंगण पाण्यात, आणि बोट काही केल्या वर चढेना. तो माणूस परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. त्या दिवसापासून भरलेल्या बोटीशिवाय मी चाचणी केली नाही.

असं का होतं? 16 फुटी बोट ताशी 10 किमीच्या आसपासपर्यंत पाणी बाजूला सारत जाते. त्यापुढे तिला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. ही घाटी ओलांडली की तळाखालचं पाणी तिला उचलून धरतं आणि ती घसरत पळते, यालाच प्लेन होणं म्हणतात. घाटी चढायलाच सगळी ताकद लागते. त्यात आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. हवा विरळ असल्यानं साध्या इंजिनाची ताकद सहा टक्क्यांच्या आसपास घटते. मुंबईला प्लेन होणारी बोट इथे घाटीतच अडकू शकते.

म्हणून पाण्याचे 20 लिटरचे जार घ्या. भरलेला एक जार म्हणजे वीस किलो. चालवणाऱ्याशिवाय आणखी पाच माणसं धरली तर 17-18 जार, आणि ते माणसं बसतात त्याच जागी ठेवा. आता थ्रॉटल पूर्ण द्या आणि नाक खाली येऊन बोट सपाट व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग वेग हळूहळू कमी करत किती वेगाला ती पुन्हा पाण्यात बसते ते लिहून ठेवा. तुमच्यासाठी हे दोन आकडे कमाल वेगापेक्षा मोलाचे आहेत. वेग जीपीएसवर बघा, एकदा वाऱ्याच्या दिशेनं आणि एकदा उलट, आणि सरासरी काढा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे कंपनीनं दिलेल्या मर्यादेत येतात का, तेही पाहा. कमी पडत असतील तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर, एक-दोन इंचांनी उतरवा. एका इंचाला मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात.

आता बसणाऱ्याच्या पाठीचं बघू. लाटेवर आदळताना लागणारा धक्का तीन गोष्टींवर फार अवलंबून असतो : वेग, तळाचा कोन आणि नाक किती वर आहे. धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 40 वरून 30 वर आलात की तो जवळजवळ 44 टक्के कमी. वेगवान बोटींच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या सवित्स्की आणि ब्राउन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे तळाचा कोन 10 अंशांऐवजी 20 असेल तर धक्का सुमारे पाव भागानं घटतो. आणि नाक 6 अंशांऐवजी 4 अंशांवर ठेवलं तर एक तृतीयांशानं घटतो! म्हणजे इंजिनाचा ट्रिम, म्हणजे ते आत-बाहेर कलवण्याचा कोन, नीट लावणं आणि वजन थोडं पुढे सरकवणं यानं फुकटात जे मिळतं, ते व्ही तळासाठी जादा पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. तळाचा कोन मोजायला मोबाइलवर लेव्हलचं अॅप उघडा आणि इंजिन बसतं त्या मागच्या फळीजवळ तो तळाला चिकटवून धरा, आडव्या रेषेपासूनचा उतार दिसेल.

वेगाची चाचणी सकाळी, पाणी आरशासारखं असताना. आदळण्याची चाचणी दुपारी, वारा सुटल्यावर. वारा नसेल तर मोठं वळण घेऊन स्वतःच्याच लाटा तिरक्या कापा. एकदा नाकाशी बसा, एकदा मागे. पुढे बसणाऱ्याला धक्का जास्त लागतो, आणि पुरातून काढलेल्या आजींना तुम्ही कुठे बसवणार, ते तेव्हाच ठरवा. लाइफ जॅकेट घाला, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधा.

शेवटी बोट ट्रेलरवर चढली की गवंड्याची अॅल्युमिनियमची पट्टी तळाला मागच्या फळीपासून पुढे पाच फूट लावून बघा. पट्टी आणि तळ यांच्यात उजेड दिसला तर तिथे खोलगट पडलं आहे. बरीच वर्षं चुकीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या बोटींत हे हमखास दिसतं. एका बोटीत मला चार मिलिमीटरची फट सापडली होती. तिचं नाक सतत खाली दाबलं जायचं, वेग मार खायचा आणि मालक बिचारा इंजिन उघडून बसला होता. अशी बोट सोडून द्या.

तुमच्यासाठी मी कोणती घेईन? पूर म्हणजे रामकुंड, पंचवटी, अरुंद गल्ल्या. गोदावरीच्या पुराची उंची ज्यावरून सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की तिथे प्लेन होण्याचा प्रश्नच नाही. तिथे ओंडके असतात, तारा असतात, आणि चार माणसं एकाच बाजूनं चढतात. उभ्या जागी व्ही तळ जास्त डोलतो, सपाट तळ पाय रोवून उभा राहतो आणि कमी पाण्यात जातो. भरलेल्या चाचणीत उतरली तर पहिलीच घ्या. धरणाच्या फुगवट्यात वारंवार जाणार असाल तर दुसरी.

प्रश्न : आमची छोटी बोट वेगात नाकानं सतत उड्या मारते, लाट नसतानाही. इंजिन बदलू का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नको. याला पॉरपॉइझिंग म्हणतात. बहुतेक वेळा वजन फार मागे असतं किंवा ट्रिम जास्त बाहेर असतो. ट्रिम एक खाच आत घ्या, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा. तरीही थांबलं नाही, तर वर सांगितलेली पट्टी तळाला लावून बघा. तळाचा मागचा भाग बाहेर फुगलेला असला तरी बोट अशीच उडते.