कॅन्सरचे उपचार संपलेल्या सात वर्षांच्या मुलीला काय खाऊ घालावं? तिच्या पायात ताकद कशी येईल?

ताई, ब्लड कॅन्सरचे अडीच वर्षांचे उपचार गेल्या महिन्यात संपवून तुम्ही मुलीला घेऊन सांगलीला परत आलात. आता ती जिना चढताना दमते, भडंग आणि बिस्किटांशिवाय काही मागत नाही, आणि येणारा-जाणारा सांगतो की हिला खाऊपिऊ घालून अंगावर आणा. तुमचा प्रश्न वाचताना मला आमचंच घर आठवत होतं. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी हाच आजार झाला, एएलएल, म्हणजे मुलांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईच्या किती वाऱ्या झाल्या, त्याची मोजदाद नाही. आज तो चौदा वर्षांचा आहे आणि तासगावात सायकलने शाळेला जातो.

अंगावर आणायच्या मागे लागू नका, हे आधी सांगते. मी लागले होते. घरी आल्या आल्या साजूक तुपातला शिरा, पेढे, आटवलेलं दूध सुरू केलं. चार महिन्यांत तीन किलो वजन वाढलं, सासूबाईंनी दृष्ट काढली, पण पोरगं जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकूनच उठायचं. पुढच्या तपासणीत आहारतज्ज्ञ बाईंनी त्याच्या दंडाला टेप गुंडाळली. माप जवळजवळ होतं तेवढंच होतं. वाढलं होतं ते पोट. उपचारांत दिलेल्या स्टेरॉइडमुळे मुलं खा खा करतात, गाल फुगतात, काट्यावर वजन बरं दिसतं. पण तेच औषध मांड्यांचे स्नायू झिजवतं आणि हाडं कमकुवत करतं. एएलएलमधून बरी झालेली मुलं पुढे जाड होण्याचा धोकाही असतो. म्हणून खाण्यात प्रथिनं हवीत आणि जोडीला हालचाल हवी. एकावाचून दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही.

प्रथिनांसाठी महागडा डबा लागत नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, कपभर दुधातही जवळपास तेवढीच. मूठभर शेंगदाणे, घट्ट वरण, मटकीची उसळ, घरी लावलेलं दही, चालत असेल तर चिकन, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. आमच्याकडे चव परत आणली ती हुलग्याच्या माडग्याने. औषधांनी जिभेची चव गेलेली असते, सगळं कडवट लागतं, आणि हे खारट-आंबूस गरम माडगं तो वाटीभर प्यायचा. खपली गव्हाची गूळ घातलेली खीरही आवडायची, पण ती रविवारी. भडंग बंद करू नका, हट्ट वाढेल. त्यात शेंगदाणे आणि डाळं दुप्पट घाला, पण तिखट कमी ठेवा, कारण तोंड अजून नाजूक असेल. द्राक्षं-पेरू भरपूर पाण्यात नीट धुऊनच द्या. उघड्यावरचं, चिरून ठेवलेलं काही सध्या नको.

आणि एक कळकळीची विनंती. "रक्त वाढावं" म्हणून कुणी लोहाचं टॉनिक आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकण उघडू नका. उपचारांत तिला रक्त चढवलं असेलच. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि जादा झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. आधी रक्तातलं फेरिटिन तपासतात, त्यावरून लोहाचा साठा कळतो, मग ठरवतात. गुळवेलीच्या काढ्याचंही तेच. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि आपल्या मुलांच्या यकृताने आधीच खूप सोसलंय. हे देणारी माणसं मायेनेच देतात, त्यांना दुखवायला जड जातं, पण नाही म्हणा.

आता पाय. आमच्या मुलाची चप्पल चालताना पायातून निसटायची. तो चार पावलं पुढे जायचा आणि चप्पल मागेच राहायची, त्याला पत्ताच नसायचा. मी त्याला "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून रागावायचे. अजून वाईट वाटतं त्याचं. ते व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधामुळे होतं. त्याने नसा दुखावतात आणि पाऊल वर उचलता येत नाही. बहुतेक मुलांत हे काही महिन्यांत सुधारतं, पण पोटरीचा स्नायू आखडला तर ते लांबतं. त्यामुळे "आपोआप होईल बरं" म्हणत बसू नका, सांगलीत किंवा मिरजेत फिजिओथेरपिस्टला दाखवा. आम्ही मागे पट्टा असलेले सँडल घेतले. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरापासून तुळशीपर्यंत टाचांवर चालायचं, पुढची बोटं उचलून, अशा दहा फेऱ्या. पहिल्या दिवशी दोनच झाल्या. धाकटी बहीण त्याच्यासोबत चालायची, म्हणून तो टिकला. मात्र तुमची मुलगी लंगडायला लागली किंवा मांडीचा सांधा, गुडघा दुखतो म्हणाली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइडमुळे कधी कधी हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो.

शाळेला पाठवायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि सुरुवातीला अर्धाच दिवस. वर्गशिक्षिकेला आधी भेटा. गणितात मागे पडली किंवा लक्ष लागेना, तर ते आळसाने नसेल, पाठीच्या मणक्यातून दिलेल्या औषधानेही तसं होतं. राहिलेल्या लसी सगळ्या एकदम द्यायच्या नसतात. गोवरासारख्या जिवंत लसी उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी देतात. सेप्ट्रानच्या (जंतुसंसर्ग टाळण्याच्या) गोळ्या डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवा, आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन करा.

कागदपत्रं जपा. कोणतं औषध एकूण किती दिलं, याचा सारांश लिहून मागा. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही हृदयाला त्रास देऊ शकणारी औषधं दिली असतील तर पुढे कित्येक वर्षं अधूनमधून हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करावी लागते. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. तुमच्या हॉस्पिटलात तशी सोय आहे का, ते विचारून घ्या.

फिजिओथेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत एवढं करा. सकाळी तिला सतरंजीवर मांडी घालून बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. जमलं की नाही ते कॅलेंडरवर तारखेखाली लिहा, आणि पुढच्या तपासणीला जाताना ते पान फाइलला लावून न्या.