गावात रात्रीची गस्त सुरू करायची आहे, पोलिसांची साथ कशी मिळवावी?

तुम्ही लिहिलंय की वाशीम जिल्ह्यातल्या तुमच्या गावात दिवाळीपासून विहिरींवरच्या मोटारी आणि केबल जाताहेत, दोन गोठ्यांतून बकऱ्या गेल्या. पोरं रात्री फिरायला तयार आहेत, पण ठाण्यात कोणी मनावर घेत नाही. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. आमच्या गावात दसऱ्यापासून होळीपर्यंत रात्रगस्त असते आणि मी तिच्यात पहिल्या वर्षापासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गस्तीच्या आधी एक काम करा. आजवर जे जे गेलं त्यातल्या किती चोऱ्यांची ठाण्यात नोंद आहे ते पाहा. बहुतेक निम्म्याचीही नसेल. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, शेतीची लाइन रात्रीची, आणि विहिरीवर गेलं तर केबल कापलेली. पीक वाळू नये म्हणून माणूस उसनवार करून त्याच दिवशी नवी केबल आणतो. ठाणं लांब, जायचं तर दिवस मोडतो, बिल सापडत नाही, वर "गेलेली वस्तू थोडीच परत भेटते" ही समजूत. मग पोलिसांच्या कागदावर तुमच्या गावात चोरी झालेलीच नसते. एका ठाण्याच्या हद्दीत पन्नास-साठ गावं आणि रात्रीच्या फेरीला एखादी गाडी, ही आपल्याकडची परिस्थिती. ठाणेदार ती गाडी जिथले गुन्हे नोंदलेले आहेत तिकडे पाठवणार. ठाणं मनावर घेत नाही हा राग मला कळतो, पण त्यातला बराच भाग इथं अडकलेला असतो.

म्हणून ज्याची वस्तू गेली त्याला एकट्याला पाठवू नका, दोघा-तिघांनी सोबत जा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर ठाण्याला घ्यावीच लागते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एवढं करूनही नोंद झाली नाही, तर तीच हकिगत लिहून पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, तीही सोय त्याच कलमात आहे. आणि वस्तूची किंमत खरी लिहा. "जुनीच होती, दोन हजार टाका" असं म्हणणारे आपल्यात फार. पाच हजारांच्या आतल्या चोरीला नवा कायदा सौम्य वागवतो, आणि एकदा का अदखलपात्र म्हणून नोंद झाली की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

ओळख पटवण्याचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. एकदा चोरटे सापडले आणि मोटारी ओळखायला आसपासच्या गावांतल्या लोकांना ठाण्यात बोलावलं. आवारात भिंतीला लागून मोटारींची रांग, सगळ्यांना तोच रंग, तोच गंज, नंबरांच्या पट्ट्या उपटून टाकलेल्या. एकाच मोटारीवर दोघं हात ठेवून उभे, "हीच माझी". दोघंही खरंच बोलत असतील, पण कागद काय सांगणार? ज्यांनी मोटारीच्या अंगावर लोखंडी ठशाने आपला गट नंबर ठोकून घेतला होता आणि मोबाइलमध्ये फोटो होता, त्यांना पुढे कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे केस चालू असेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, मोटार मिळाली. वेल्डिंगच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. गावातल्या सगळ्या मोटारींवर एका आठवड्यात नंबर ठोकून घ्या. जनावरांचंही तसंच. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर वहीत लिहून ठेवा, पण चोर बिल्ला कापून टाकतो, म्हणून बैलाची शिंगं, कपाळावरचा भोवरा, अंगावरचे डाग दिसतील असे फोटो काढून ठेवा.

केबलचा माग वेगळा लागतो. चोरटे तांब्यासाठी केबल नेतात आणि वरचं प्लास्टिक नाल्यात किंवा पडीत वावरात जाळतात. काळी चिकट राख, तारेचे तुकडे आणि दिवसभर न जाणारा जळका वास, असं काही दिसलं तर तिथं गर्दी करून तुडवू नका. फोटो काढा आणि बीट जमादाराला, म्हणजे तुमच्या गावाचा भाग ज्याच्याकडे आहे त्या हवालदाराला, बोलवा. आमच्याकडे अशा एका जागेवरूनच तांबं कोणत्या भंगारवाल्याकडे गेलं त्याची चौकशी सुरू झाली होती.

आता गस्त. सुरुवात पोलीस पाटलापासून करा, त्यांना वगळून काहीही करू नका. 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने गावातल्या हालचालींची खबर वर देणं हे त्यांचंच काम ठरवलंय, आणि ठाण्यात त्यांचा शब्द आधी ऐकला जातो. त्यांच्यासोबत ठाणेदारांकडे लेखी अर्ज घेऊन जा. त्यात गस्तीच्या माणसांची नावं, मोबाइल नंबर, कोणत्या वारी कोण, फिरण्याचा रस्ता, सगळं असू द्या. ओळखपत्रं ठाण्याच्या शिक्क्याची मागा. अर्जात ग्राम सुरक्षा दल असंच लिहा. ग्रामरक्षक दल म्हणून जे आहे ते 2016 च्या दारूबंदी कायद्यातल्या दुरुस्तीने आलेलं, अवैध दारूसाठीचं आहे, आणि ते उपविभागीय अधिकारी नेमतात. दोन्हींची गल्लत झाली की अर्ज टेबलांवर फिरत राहतो.

बारा महिने गस्त घालायच्या भानगडीत पडू नका, पंधरा दिवसांत पोरं गळतात. चोरीला हंगाम असतो. सोयाबीन काढून गंज्या लागल्या, कापूस घरात आला, रब्बीच्या मोटारी चालू झाल्या, तेवढे महिने नेटाने करा. रानडुक्कर आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) जागलीला जाणारे शेतकरी तसेही वावरात जागेच असतात, त्यांचे नंबर गस्तीच्या यादीत घ्या. शिवारात त्यांच्यासारखी नजर गावात फिरणाऱ्यांना नसते. पाच-पाच जणांची पाळी, प्रत्येक पाळीत एक तरी चाळिशीच्या पुढचा माणूस, दारू प्यालेला एकही नको. सोबत बॅटरी, शिटी आणि एक वही. वहीत वेळ आणि गाडीचा नंबर लिहायचा, बस्स. काठी कुत्र्यांपुरती.

वहीवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री एक-दीडच्या सुमाराला आमच्या पुलाजवळ एक पिकअप आली, मागे ताडपत्री. पोरांनी आडवं उभं राहून थांबवली. ताडपत्रीखाली वीस-एक माणसं, गाठोडी, एका बाईच्या कडेला तापलेलं पोर. मेळघाटातले मजूर होते. ड्रायव्हर घाबरून गाडी मागे घेऊ लागला तसा एक पोट्टा ओरडला, "पळून ऱ्हायला रे, पकडा!" आणि दोघांनी काठ्या उचलल्या. आमच्यातल्या वयस्क माणसाने त्या दोघांना बाजूला केलं, ड्रायव्हरला पाणी दिलं आणि विचारलं, "कोनाच्या वावरात चालले भाऊ?" ड्रायव्हरने शेतकऱ्याचं नाव सांगितलं, आम्ही बीट जमादाराला फोन केला, जमादाराने त्या शेतकऱ्याला उठवलं, दहा मिनिटांत खात्री पटली. गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि गाडी सोडली. त्या बाईने पोराला ज्या तऱ्हेने छातीशी धरलं होतं, ते मी अजून गस्तीला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

कारण हे कुठपर्यंत जातं ते महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, पोलीस तिथं हजर असताना. त्या भागात तेव्हा चोर-दरोडेखोर फिरताहेत अशा अफवा होत्या आणि लोक रात्री पहारा देत होते. पहारा देणारेच आरोपी झाले. म्हणून गस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकायला सक्त मनाई करा. टाकायचंच तर पोलीस पाटील टाकतील, तेही जमादाराशी बोलून.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टच लिहितो. चोरी झाली की आपल्याकडे बोट आधी पारध्यांच्या बेड्याकडे (वस्तीकडे) जातं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला कायद्यातून गेला, पण आपल्या बोलण्यातून गेला नाही. गस्तीने रात्री बेड्यावर जाऊन झडती घ्यायची नाही. तो अधिकार तुम्हाला नाही आणि ते अन्यायाचंही आहे. उलट बेड्यावरची, तांड्यावरची, बौद्धवाड्यातली माणसं गस्तीत घ्या. तांडा असेल तर आधी नाईकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटा. नावं जमवायला सामुदायिक प्रार्थनेची वेळ चांगली, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात सगळ्या वस्त्यांतले लोक येतात. एकाच भावकीची गस्त असली की बाकीचं गाव खबर देत नाही, असा माझा अनुभव आहे.

चोर हातात सापडलाच तर? अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर करणाऱ्याला कोणीही धरू शकतो, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाकारण उशीर न करता आणि फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बसवा, पाणी द्या, व्हिडिओ चालू ठेवा, 112 लावा. एकाने थापड मारली की बाकीचे सुरू होतात, म्हणून ती पहिली थापड अडवणं हे गस्तप्रमुखाचं काम. मारहाण झाली तर चोराची केस बाजूला राहते आणि तुमची पोरं कोर्टाच्या तारखांना जातात.

112 लावताना गावाचं नाव एकटं सांगू नका. फोन दूरच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि पिंपळगाव, पिंपरी, वडगाव नावाची गावं किती आहेत तुम्हाला माहीतच आहे. जिल्हा, तालुका, ठाणं, जवळचा फाटा किंवा मंदिर, याच क्रमाने सांगा. हे चार शब्द कागदावर लिहून गस्तीच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा, घाईत माणूस आपल्या तालुक्याचं नावही विसरतो. जमादाराचा खासगी नंबर असला तरी 112 लावाच, कारण त्या फोनची नोंद राहते.

कॅमेऱ्यांबद्दल विचारलंय. ग्रामपंचायतीने लावले तर चांगलंच, पण उंच खांबावरचा कॅमेरा रात्री फक्त हेडलाइटचा झगमगाट दाखवतो. गावात शिरायच्या रस्त्यावर, गाडी हळू होते अशा वळणावर, नंबरप्लेट दिसेल एवढ्या उंचीवर एक लावा. चौकात चार लावण्यापेक्षा तो उपयोगी पडेल.

शेवटचं, ठाणेदारांची बदली होते. दोन वर्षं बसवलेली घडी नव्या साहेबांना ठाऊक नसते आणि आधीच्यांनी दिलेली ओळखपत्रंही ते ओळखत नाहीत. नवे ठाणेदार आले की त्याच आठवड्यात पोलीस पाटलांसोबत जा, गस्तीची वही आणि आजवरच्या एफआयआरच्या प्रती टेबलावर ठेवा, आणि बीट जमादार तुमच्या गावाला कोणत्या वारी येणार ते तिथंच विचारून घ्या.