फॉर्मवर सही केली होती. आता भरपाई मागता येईल का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, गोरेगावला आईवडिलांसोबत राहतो. सहा महिन्यांपूर्वी कर्जतजवळच्या एका खासगी जागेत माउंटन बायकिंगच्या एका दिवसाच्या राइडला गेलो होतो. आयोजकाला यूपीआयनं २,८०० रुपये भरले. सायकल आणि हेल्मेट त्याचंच. उतारावर पुढचा ब्रेक लागलाच नाही आणि मी खडकावर आदळलो. गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा भाग फुटला, प्लेट-स्क्रू बसवले, कॉलरबोनही मोडलं. कित्येक आठवडे कुबड्या होत्या, आता काठी आहे. गुडघा काटकोनापलीकडे वाकत नाही. हॉस्पिटलचं बिल ४ लाख ८० हजार झालं. आरोग्य विमा कंपनीनं ‘साहसी खेळ’ म्हणून दावा फेटाळला. राइडच्या सकाळी आम्हा सगळ्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ अशा फॉर्मवर सही घेतली होती. आधीच्या थांब्यावर मी मार्शलला, म्हणजे राइडवर सोबत असलेल्या आयोजकाच्या माणसाला, ब्रेक ढिला लागतोय असं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘चालतंय, खाली गेल्यावर बघू.’ आता आयोजक ४० हजार रुपये द्यायला तयार आहे, पण ‘यापुढे काही मागणार नाही’ असं लिहून हवंय. वडील म्हणतात, हौस तुझी होती, मग सोस आता. ऑफिसातही राजीनाम्याचं सुचवतायत. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : त्या ४० हजारांच्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी मनाशी पक्कं करा. पैशांची फारच नड असेल तर घ्या. मात्र ‘पुढील सर्व हक्क राखून, उपचारखर्चापोटी अंशतः रक्कम मिळाली’ एवढंच लिहून द्या आणि रक्कम बँकेतून घ्या. आयोजक त्याला तयार झाला नाही, तर ते पैसे कशासाठी देऊ केले होते हे तुम्हाला आपोआपच कळेल.

आता तुमच्या मनातल्या सहीबद्दल. पत्रात तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, ‘पण सही तर मीच केली ना.’ सही तुम्हीच केली. पण कशाला केली, ते पाहा. डोंगरउतारावर सुटी माती असते, दगड असतात, वळण चुकतं, आपलाच तोल जातो. हा धोका तुम्ही समजून-उमजून पत्करला होता आणि त्यातून पडला असतात, तर मीच तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं. पैसे घेऊन दिलेल्या सायकलचा ब्रेक न लागणं हा डोंगराचा धोका नाही. ती आयोजकाची हयगय आहे आणि ‘तुम्ही हयगय केलीत तरी माझी हरकत नाही’ असं त्या सहीतून निघत नाही.

तसं फॉर्ममध्ये स्पष्ट छापलं असेल, तरी ते आंधळेपणानं मान्य होत नाही. करार कायद्याचं कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरवतं. एक बाजू बलवान, दुसरी दुबळी आणि समोर छापील कागद, सही कर नाहीतर चालता हो, अशा अटींबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली यांच्या प्रकरणात कडक शब्दांत सांगितलं आहे. तो खटला नोकरीच्या कराराचा होता, पण त्यातलं तत्त्व तुमच्या बाजूनं मांडता येतं. तुम्ही पैसे भरले, पहाटे निघून तिथे पोचलात आणि सायकल हातात देण्याआधी फॉर्म पुढे आला. आयोजकाविरुद्ध ग्राहक आयोगात जी तक्रार कराल, तिच्यात ही परिस्थिती जशीच्या तशी लिहा.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण याच ठिकाणी तक्रारी घसरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, पण अनुचित करार रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करता येत नाही, त्यासाठी राज्य आयोग लागतो. म्हणून फॉर्म रद्द करा असं मागूच नका. सेवेत त्रुटी होती, सदोष सायकल दिली, सांगूनही दुरुस्त केली नाही, यावर तक्रार उभी करा. फॉर्म ही आयोजकाची ढाल आहे. ती त्यालाच पुढे करू दे, मग तिचं उत्तर द्या.

मार्शलशी झालेलं बोलणं तुमच्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि सर्वांत नाजूकही. समोरचा वकील विचारणार, ब्रेक ढिला आहे हे ठाऊक असताना पुढे गेलातच कशाला? हा प्रश्न टाळू नका. तक्रारीतच लिहा की मला शंका आली, मी जबाबदार माणसाला सांगितलं आणि त्याच्या भरवशावर पुढे गेलो. आयोग कदाचित तुमचाही थोडा दोष धरेल आणि भरपाई त्या प्रमाणात कमी करेल. तसं होऊ शकतं, मनाची तयारी ठेवा. पण ही गोष्ट लपवली आणि उलटतपासणीत निघाली, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

हे बोलणं ऐकणारा कुणी होता का? सोबतच्या दोघा-तिघांकडून त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं ते आत्ताच लिहून घ्या. अजून वर्षभरानं त्यांना चहाचा ब्रेक आठवेल, सायकलचा आठवणार नाही. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोण काय म्हणालं ते सगळं एक्सपोर्ट करून ठेवा. आयोजकानं ‘सॉरी यार, ती सायकल सर्व्हिसिंगला काढायची होती’ अशा चालीचं काही लिहिलं असेल, तर त्याला सोन्याचं मोल आहे. कुणाच्या हेल्मेटवर कॅमेरा होता का, तुमच्या अ‍ॅपमध्ये राइडचा मार्ग आणि वेग नोंदला गेलाय का, तेही पाहा. फोन बदलू नका, मूळ फाइल पुसू नका. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

सायकल बहुधा दुरुस्त होऊन पुन्हा भाड्यानं फिरत असेल. तरीही आयोजकाला स्पीड पोस्टानं पत्र धाडा : सायकल, तिचे ब्रेकचे भाग, देखभालीची नोंदवही आणि त्या दिवशीच्या सहभागींची यादी जपून ठेवा. नोंदवही नसेलच, तर तेही आपल्याच उपयोगाचं. हॉस्पिटलमधून सगळे केसपेपर मागून घ्या आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरनं पहिल्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘सायकलवरून पडला’ एवढंच असेल तर घाबरू नका, पण ठाऊक असू द्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटन धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेचे निकष पाळायचे, हा त्याचा गाभा. तुमचा आयोजक नोंदणीकृत होता का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नोंदणी नसेल तर तेवढ्यानं निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, पण आयोगाची नजर बदलते.

पोलिसांत जायचं का? इतरांच्या सुरक्षिततेला धोका होईल अशा बेदरकार किंवा निष्काळजी कृत्यानं गंभीर दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खालचा गुन्हा आहे, आणि हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. घटना कर्जतची असली तरी तक्रार मुंबईच्या ठाण्यातही देता येते, ती शून्य क्रमांकानं नोंदवून पुढे पाठवतात. सहा महिने का लागले याचं कारण लिहा. कुबड्यांवर होतो हे कारण पुरेसं आहे. माझं मत विचाराल तर तक्रार द्या, कारण आज त्याच सायकलवर दुसरं कुणाचं तरी पोर बसत असेल. पण जास्त पैसे पदरात पाडून घ्यायला पोलिसांची भीती घालू नका. ते गैर आहे आणि तुमच्यावरच उलटू शकतं.

आता विम्याकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. कंपनीच्या पत्रात ‘एक्सक्लूजन ०९’ लिहिलंय. विमा नियामकानं २०१९ मध्ये आरोग्य विम्यातली वगळण्याची कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, त्यातलं हे एक. त्यात साहसी खेळांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यामुळे लागलेल्या उपचारांचा खर्च वगळला आहे. पुढे गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा, मोटार शर्यत अशी उदाहरणं दिली आहेत. तुम्ही आठवडाभर ऑफिसात काम करणारे, सुटीच्या दिवशी पैसे भरून सायकल चालवायला गेलेले. तुम्ही व्यावसायिक कुठून झालात? कंपनीच्या पत्रात नेमके तेच दोन शब्द गाळलेत. तुमची पॉलिसी काढा, ते कलम शोधा आणि त्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारा. वगळण्याचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा, हा न्यायालयांनी वारंवार सांगितलेला नियम आहे. ऑफिसची गट पॉलिसी असेल किंवा स्वतंत्र अपघात विमा असेल, तर तिथली भाषा वेगळी असू शकते. ती वेगळी वाचा. अपघात विम्यात काम बंद असलेल्या आठवड्यांचे पैसेही कधीकधी मिळतात आणि लोक ते मागायचंच विसरतात.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. दावा कंपनीच्या दाव्यांच्या पुनर्विचार समितीच्या मान्यतेनं फेटाळला होता का, हेही त्यात विचारा; २०२४ पासून त्या मान्यतेशिवाय आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. तुम्ही गोरेगावचे, त्यामुळे तुमचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, स्वतः बोलायचं. ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर तुमचे पुढचे मार्ग खुले राहतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. आणि हे विसरू नका : विम्याचा हाच वाद ग्राहक आयोगात दाखल केलात, की लोकपालांचं दार बंद होतं. म्हणून विमा कंपनीला आयोजकाविरुद्धच्या तक्रारीत ओढू नका. दोन वाद, दोन वाटा.

आयोजकाविरुद्धची तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात करता येते. तो वांद्रे पूर्वेला आहे. कर्जतच्या फेऱ्या नकोत. फॉर्मवर ‘सर्व वाद अमुक शहरातच’ असं छापलेलं असलं, तरी ग्राहकाला कायद्यानं दिलेली ही सोय तेवढ्यानं जात नाही. आयोगाची पायरी भरलेल्या मोबदल्यावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. तुमचा मोबदला २,८०० रुपये, त्यामुळे भरपाई २० लाख मागितलीत तरी जिल्हा आयोगच आणि फी शून्य. अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

मात्र उद्याच धावत जाऊ नका, आणि याचं कारण तुमचा गुडघा. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेलं फ्रॅक्चर जुळलं, तरी पुढे काही वर्षांनी त्याच गुडघ्याला संधिवात होण्याचा धोका असतो. प्लेट काढावी लागू शकते. सांधा बदलण्याची वेळ येईल का, हे तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा आणि त्यांचं मत खर्चाच्या अंदाजासकट लेखी घ्या. ४० हजारांच्या कागदावर सही म्हणजे हे सगळं आजच विकून टाकणं. फिजिओथेरपी मन लावून पूर्ण करा. ती तुमच्या पायासाठी तर हवीच, पण मध्येच सोडलीत तर गुडघा तुमच्या आळसानं अडकला असंही समोरून म्हटलं जाईल. प्रकृती स्थिरावली की अपंगत्वाचं मूल्यांकन करून घ्या. हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत किंवा मोठ्या सरकारी, पालिका रुग्णालयांत ते होतं.

तिथून मिळणारी टक्केवारी म्हणजे भरपाईची टक्केवारी नव्हे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे छान उलगडलंय : डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाईच संपते, कारकुनाचं काम कदाचित चालू राहतं. निकाल मोटार अपघाताचा आहे, पण हिशेबाची ती रीत आयोगापुढेही मांडता येते. तुमच्या कामात काय अडतं ते लिहा : लोकलमध्ये उभं राहणं, जिने, साइटवर जाणं. बिलं, गमावलेला पगार, रिक्षा-टॅक्सीचं भाडं आणि तुमच्या आईनं केलेली शुश्रूषा, हे सगळं मागा. आईनं पैसे घेतले नाहीत म्हणून तिच्या श्रमाला मोल नाही असं होत नाही.

वडिलांना माझ्या वतीनं एवढं सांगा : काका, मुलगा हौसेनं गेला हे खरं, पण पैसे मोजून गेला आणि त्याबदल्यात त्याला नीट चालणारा ब्रेक मिळायला हवा होता.

नोकरीचं मात्र मी गोड बोलून सांगणार नाही. सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं भक्कम संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. तुमची कंपनी खासगी. तरी समान संधी धोरण ठेवणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. ते मागून घ्या. शिल्लक रजा, बिनपगारी रजा, काही महिने घरून काम, असा लेखी अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह आजच द्या आणि त्यात परत रुजू होण्याची अंदाजे तारीख टाका. राजीनामा देऊ नका. राजीनाम्याबद्दल कुणी तोंडी बोललं, तर त्याच दिवशी ‘आज आपण मला असं सुचवलंत’ असा साधा, सभ्य ईमेल पाठवा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा.