मॅस्लोच्या 'गरजा' की 'अगत्ये'?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका बी.एड. करणाऱ्या ताईंनी विचारलंय : मानसशास्त्राच्या कन्नड टिपणांत मॅस्लोच्या माणसाच्या मूलभूत गरजांविषयीच्या सिद्धांतात 'अगत्य' आणि फ्रॉइडच्या मनाविषयीच्या सिद्धांतात 'अप्रज्ञापूर्वक' (म्हणजे जाणिवेबाहेरचं, इंग्रजीत अनकॉन्शस) असे शब्द आहेत. मराठीत उत्तर लिहिताना तेच ठेवले तर चालतील का?

ताई, नका ठेवू. कन्नडमध्ये 'अगत्य' म्हणजे गरज, निकड. मराठीतही तो अर्थ होता. लग्नपत्रिकेतल्या 'अगत्य येण्याचे करावे'मध्ये तो अजून टिकून आहे. पण 'अगत्यानं वाढलं' म्हणतो तेव्हा आपल्या मनात आपुलकी असते. 'अन्नाचे अगत्य' लिहिलंत तर तपासणारा गोंधळेल. 'गरज'च लिहा.

'प्रज्ञा' त्याहून फसवी. कन्नडमध्ये 'प्रज्ञे तप्पितु' म्हणजे शुद्ध हरपली. मराठीत प्रज्ञा म्हणजे बुद्धी. 'अप्रज्ञ प्रेरणा' वाचून निर्बुद्धपणाच आठवेल. पुस्तकांत रुळलेला शब्द 'अबोध', तो घ्या. 'अचेतन'ही दिसतो, पण अचेतन आपण दगडाला म्हणतो, मनाला तो लावणं मला पटत नाही. नुसतं 'नकळत'ही पुरत नाही. आत्ता ध्यानात नाही, पण आठवलं तर येतं, ते फ्रॉइडच्या मते बोधपूर्व. अबोध म्हणजे दडपलेलं, सहजी वर न येणारं.

'हेतू' आणि 'प्रेरणा' यांतही फरक ठेवा. बेळगावात कुणी लग्नपत्रिका मराठीतच छापायचा हट्ट धरतो. का, विचारलं तर सांगतो, 'आजीला वाचता यावी म्हणून.' हा त्याचा हेतू, आणि तो खराच असतो. पण आपल्या माणसांत आपली गणना व्हावी ही गरजही त्यामागे असू शकते, त्याच्या स्वतःच्याही ध्यानात न आलेली. तिला प्रेरणा म्हणा. मराठीत हेतू मनात धरावा लागतो, 'हेतुपुरस्सर' म्हणजे जाणूनबुजून. म्हणून 'अबोध हेतू' कानाला खटकतो, 'अबोध प्रेरणा' खटकत नाही.

अबोध म्हटलं की फक्त फ्रॉइड, असंही लिहू नका. मॅस्लोनं 1943च्या आपल्या मूळ लेखातच म्हटलंय की सामान्य माणसात या मूलभूत गरजा बहुतेकदा अबोधच असतात. उत्तरात हे जरूर यावं.

वर्गात मुलांना समजावताना मात्र 'नेणीव' वापरा. जाणीव-नेणीव ही जोडी हरिपाठामुळे आपल्याकडे गावोगावच्या मुलांच्या कानावर असते. तिथला संदर्भ अध्यात्माचा, पण शब्द ओळखीचा. 'अबोध' म्हटलं तर त्यांना अबोध बालकच आठवेल.