कोलेस्टेरॉल आणि कंबरेची चकती

प्रश्न : वय ५२. गुजरीत दागिने घडवतो. एमआरआयमध्ये कंबरेची चकती (दोन मणक्यांमधली गादी) झिजलेली दिसली. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ही १७० आहे. यांचा काही संबंध आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही पाहण्यांत संबंध आढळला आहे, पण कोलेस्टेरॉल हेच कारण असे सिद्ध झालेले नाही. चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते, आणि महाधमनीतून मणक्यांकडे जाणाऱ्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, तर हे पोषण घटू शकते. वय, आनुवंशिकता आणि धूम्रपान यांचा वाटाही मोठा आहे. एलडीएल हृदयासाठी कमी करायलाच हवे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने कंबरही बरी होईल, अशी आशा मात्र धरू नका. कामावर अधूनमधून उठून चार पावले चालत जा. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.